संत्र्याएवढ्या डोक्याची टोपी

माझ्या हाताला एक वाईट खोड आहे. दुसऱ्याचं चुकलेलं दिसलं की तो आपोआप पुढे जातो. ऑफिसात मी सेक्शन ऑफिसर होते तेव्हा हाताखालच्या मुलांनी लिहून आणलेली टिपणी अर्धी वाचून व्हायच्या आत लाल पेनाने नवी लिहून टाकायचे. मुलं खूश, साहेब खूश, आणि मी रिटायर होईपर्यंत त्या सेक्शनमध्ये एकालाही धड टिपणी लिहिता येत नव्हती. हे मला कळत नव्हतं असं नाही. पण जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात, ते काही उगीच नाही.

विणायला मी त्याच ऑफिसात शिकले. मी मूळची कोकणातली. आमच्याकडे स्वेटर म्हणजे ट्रंकेत डांबराच्या गोळ्यांबरोबर ठेवायची वस्तू. दिल्लीतल्या पहिल्या डिसेंबरात मी शाल दुहेरी पांघरून कामावर जायचे आणि तरी दात वाजायचे. जेवणाच्या सुट्टीत सगळ्या बायका लॉनवर उन्हात बसत आणि विणत. या ऑफिसात फाईल सरकत नाही पण स्वेटर सरकतो, असं पुरुष मंडळी म्हणायची, आणि त्यात खोटं काही नव्हतं. शेजारच्या टेबलावरच्या पंजाबी बाईंनी माझ्या हातात सुया दिल्या. मी लोकर इतकी घट्ट धरायचे की बोटावर वळ उठायचा. त्या म्हणायच्या, "उंगली ढीली रखो, ऊन कहीं भागी नहीं जा रही." त्यांच्याकडे ऊन म्हणजे लोकर. दोन हिवाळ्यांत मी त्यांच्यापेक्षा सफाईदार विणायला लागले, आणि हे मी त्यांना बोलून दाखवलं, हेही खरं.

आता आम्ही दोघं गुरुग्रामला अकराव्या मजल्यावर राहतो. मागच्या नोव्हेंबरात हवा इतकी बिघडली की सोसायटीतल्या मुलांचं खाली खेळणं बंद झालं. आया सकाळी उठून आधी मोबाईलवर हवेचा आकडा बघत आणि मग खिडक्या लावून घेत. मुलं दिवसभर कॉरिडॉरमधून धावत होती, लिफ्टची बटणं दाबत होती. सोसायटीच्या ग्रुपवर कोणीतरी विचारलं, घरात बसून करण्यासारखं काही आहे का? मी लिहिलं, मंगळवारी आणि शुक्रवारी चार वाजता क्लबहाऊसमध्ये मुलांना पाठवा, मी विणायला शिकवते. अकरा मुलं आली. त्यांत दोन मुलगे होते आणि त्यांतला एक सगळ्यांत नीट बसायचा.

नवशिक्याला शिकवायचं ते सोपंच असतं. सुईवर वीस टाके घालून द्यायचे आणि सगळ्या ओळी नुसत्या सुलट विणायच्या. उलट टाक्याचं नावसुद्धा काढायचं नाही. त्याची पट्टी होते. छोटी पट्टी दुमडून शिवली की मोबाईलची पिशवी, लांब केली की बाहुलीचा मफलर. मुलांना लक्षात राहावं म्हणून मी हिंदीत एक चाल लावली होती: अंदर जाओ, चक्कर काटो, बाहर आओ, कूद पडो. अकरा मुलं हे एका सुरात म्हणत विणायची.

चुकाही सगळ्यांच्या त्याच. ओळीच्या शेवटी लोकर सुईवरून मागे टाकली की पहिल्या टाक्याचे दोन दिसतात. मूल दोन्ही विणतं, आणि आठवड्याभरात विसाचे तेवीस होतात. नाहीतर एखादा टाका सुटतो आणि पट्टीला भोक पडतं. मी मुलांना त्यांच्या विणकामाच्या पिशव्या घरी नेऊ द्यायचे नाही. हरवतात, असं कारण सांगायचे. खरं कारण वेगळं होतं. दुसऱ्या दिवशी दुपारी बाल्कनीत ऊन आलं की मी एकेक पिशवी उघडून उसवायचे, टाके मोजून पुन्हा वीस करायचे, भोकं बुजवायचे. आमचे हे पेपरमागून विचारायचे, "आज कोणाचा गृहपाठ?" मी टाके मोजत राहायचे. पुढच्या वर्गाला मुलांना वाटायचं आपण किती छान विणतो, आया पट्ट्यांचे फोटो ग्रुपवर टाकायच्या, आणि मला फार बरं वाटायचं.

डिसेंबरच्या मध्याला बारावं मूल आलं, एक मुलगी. वय नऊ. समोरच्या टॉवरमधलं मराठी कुटुंब, येता-जाता नमस्कार होण्याइतकी ओळख. तिचे वडील तिला घेऊन थेट आमच्या दारात उभे राहिले. दाढी वाढलेली, खांद्याला लॅपटॉपची बॅग. "काकू, हिला रोज संध्याकाळी जरा बसवून घ्याल का? मी हॉस्पिटलमधून येईपर्यंत." तिला भाऊ झाला होता, दोन महिने लवकर. बाळ काचेच्या पेटीत होतं आणि आई दिवसभर तिथेच बसून असायची.

मुलगी आत आली, चप्पल नीट बाजूला लावून ठेवली, आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "आजी, तुम्ही टोपी शिकवता?"

"आधी पट्टी, मग टोपी," मी म्हणाले. माझा नियमच होता तसा.

टेबलावर संत्री होती. तिने त्यातलं एक उचलून दाखवलं. "एवढ्या डोक्याची पाहिजे. बाबा म्हणाले, एवढंच आहे."

त्यावर नियम कसला सांगायचा? आणि तशी टोपी पट्टीतूनच होते. चोवीस टाके घ्यायचे, नुसतं सुलट विणत एक वीत चार बोटं लांब पट्टी करायची. तिची दोन टोकं जोडायची, आणि एका बाजूची कड दोऱ्यात ओवून आवळून घ्यायची. साधारण शंभर ओळी. मी तिला पिवळी मऊ लोकर दिली आणि पहिले टाके घालून द्यायला लागले, तर म्हणाली, "मी घालते, तुम्ही सांगा." मला ते आवडलं. चुणचुणीत आहे, असं वाटलं.

ती रोज यायची. शाळेतून आली की आमच्याकडे पोहे नाहीतर थालीपीठ खायची आणि चार ओळी विणायची. चारच. हात फार घट्ट होता. सुई टाक्यात शिरताना करकर वाजायची. मी तिला त्या पंजाबी बाईंचं वाक्य ऐकवलं. तिने मान डोलावली आणि पुढचा टाका तितकाच घट्ट घातला. बाळाचं विचारलं तर एवढंच सांगायची, "ठीक आहे. नळी आहे अजून."

बारा दिवसांनी मी तिची पट्टी नीट पाहिली. टाके सत्तावीस झाले होते आणि मध्यावर, चार बोटं खाली, एक भोक होतं. दुसऱ्या दिवशी ती शाळेत असताना मी पिशवी घेऊन उन्हात बसले. भोकाच्या खालपर्यंत, तीस ओळी उसवल्या आणि पुन्हा विणल्या. ओळख पटू नये म्हणून तिच्यासारखा घट्ट हात ठेवला. दुसऱ्याची सही गिरवावी तसं ते काम होतं, आणि खोटं कशाला सांगू, मला त्यात मजा आली.

संध्याकाळी तिने पट्टी काढून मांडीवर पसरली. त्यावरून बोट फिरवलं. पुन्हा फिरवलं.

"आजी, इथे होल होता."

"होता ना. गेला आता."

"कोणी केलं?"

ती थँक यू म्हणेल, असं मला वाटलं होतं. "मी," मी म्हणाले.

ती रडली नाही. सुया टेबलावर ठेवल्या आणि म्हणाली, "मग हे उधेडावं लागेल." उसवणं हा शब्द तिला येत नव्हता. मी म्हटलं, अगं, चांगलं झालंय की, कशाला? तेव्हा तिने मला पट्टी दाखवली. या चार ओळी आईचा फोन आला त्या दिवशीच्या. या फोटो आला त्या दिवशीच्या. आणि होल होता तो बाळाला नळी लावली त्या दिवशीचा. "आणि मी बाप्पाला प्रॉमिस केलंय," ती म्हणाली. "पूरी टोपी मी करणार. मग तो घरी येणार. तुम्ही केलेली चालणार नाही."

मी तिला समजावायला गेले. म्हटलं, "टोपीने बाळं घरी येत नाहीत गं. डॉक्टर आहेत, औषधं आहेत. टोपीने काही होत नाही."

"मग तुम्ही नीट का केली?"

उद्धटपणे नाही, तिला खरंच कळत नव्हतं म्हणून तिने विचारलं. बत्तीस वर्षं मी वरून आलेल्या प्रत्येक शेऱ्याला उत्तर दिलं होतं. या शेऱ्यावर मी पट्टी तिच्याकडे सरकवली. मला फार लाज वाटली.

माझ्या ओळी कुठून सुरू होतात ते मी सांगायच्या आधीच तिने ओळखलं. सुई काढली आणि लोकर ओढायला लागली. वळ्यावळ्यांची लोकर तिच्या मांडीवर साचत गेली. मग उघडे पडलेले चोवीस टाके पुन्हा सुईवर चढवायचे होते, आणि नवशिक्याला तेच सगळ्यांत अवघड. मी विचारलं, "चढवून देऊ? विणत नाही, नुसते चढवते." ती म्हणाली, "तुम्ही फक्त दाखवा." त्याला पाऊण तास लागला. दोनदा टाके सुटले. मी अक्षरशः दोन्ही हात मांड्यांखाली घालून बसले होते.

त्या दिवसापासून माझं चित्त थाऱ्यावर नव्हतं. आमचे हे म्हणाले, लहान आहे, विसरून जाईल. मी त्यांच्यावर उगीचच भडकले. ती विसरणार नव्हती. बाळाचं काही बरंवाईट झालं असतं तर आजीने टोपीला हात लावला म्हणून झालं, ही गोष्ट त्या पोरीच्या डोक्यात जन्मभर राहिली असती. टोपीने काही होत नाही, हे पुन्हा पुन्हा सांगून तिला पटवायचं, तर तिच्या हातात दुसरं होतंच काय? मोठी माणसं हॉस्पिटलात जात होती, डबे नेत होती, डॉक्टरांशी बोलत होती. तिला आत सोडत नव्हते. तिच्या वाट्याला तेवढ्या चार ओळी होत्या, आणि त्यांतही मी जाऊन नाक खुपसलं होतं.

मी नवस मानणारी नाही. सासूबाईंशी त्यावरून माझे खटके उडालेले आहेत. पण त्या जानेवारीत मी तिच्याबरोबर ओळी मोजत होते. एका रविवारी वडील तिला आईला भेटवायला घेऊन गेले आणि पिशवी आमच्याकडे राहिली. मी पिशवीची नाडी सोडली. वाटलं, चार-सहा ओळी आपण विणाव्यात. अगदी तिच्या हातासारख्या, यावेळी तिला कळणारही नाही, आणि तेवढं लवकर संपेल. सुया बाहेरसुद्धा काढल्या होत्या. मग तशाच परत ठेवल्या, नाडी बांधली आणि पिशवी तिच्या वडिलांच्या हातात नेऊन देऊन आले. लाज सोडून सांगते, ते मला सोपं गेलं नाही.

थंडीच्या सुट्टीत ती सकाळपासूनच आमच्याकडे असायची. एका दिवशी बाहेर असं धुकं होतं की समोरचा टॉवर दिसत नव्हता. दुपारी तिच्या वडिलांचा फोन आला. बाळाला इन्फेक्शन झालं होतं, डॉक्टर थांबा म्हणत होते, परतायला उशीर होईल. मी हां, हां एवढंच म्हणत होते, पण ती माझ्या तोंडाकडे बघत होती. फोन ठेवल्यावर तिने पिशवी उघडली. सुया घेऊन बसली, पण विणेना.

मी म्हणाले, "चार ओळी कर, बरं वाटेल."

"आज केल्या तर त्या आजच्या होतील ना," ती म्हणाली. तो दिवस तिला टोपीत नको होता.

फ्रीजमध्ये दोन किलो मटार होते. आम्ही दोघी ते सोलत बसलो. पुढचे दोन दिवसही सोललेच, मटार संपल्यावर लसूण. तिसऱ्या दिवशी फोन आला की ताप उतरला, तेव्हा तिने सुया हातात घेतल्या आणि आठ ओळी विणल्या. मी स्वयंपाकघरात जाऊन तोंड धुतलं.

जानेवारी संपायला आला तेव्हा पट्टी एक वीत चार बोटं भरली. टाके तिनेच बंद केले, तिनेच टोकं शिवली, कड तिनेच आवळली. शेवटच्या ओळींमध्ये पुन्हा एक टाका सुटून भोक पडलं होतं. तो पुढे पळू नये म्हणून तिने त्याला दोऱ्याची गाठ मारून अडवलं. हे तिला मी शिकवलेलं नव्हतं. टोपी कोमट पाण्यात धुऊन, वाळवून, स्वच्छ पिशवीत घालून वडिलांबरोबर हॉस्पिटलात गेली.

बाळ मात्र घरी आलं नाही. एक दिवस गेला, दोन गेले, पाच गेले. वजन भरल्याशिवाय सोडणार नाही, असं डॉक्टर म्हणत होते. तिला वजनाशी देणंघेणं नव्हतं. टोपी पुरी झाली होती. सहाव्या दिवशी ती थालीपीठ न खाता माझ्यासमोर बसली.

"आजी, तुमची एखादी ओळ आत राहिली असेल का?"

उसवताना तिने लोकर ओढली होती, मी तिच्या रडवेल्या तोंडाकडे बघत होते. माझ्या तीसच्या तीस ओळी निघाल्या की एकोणतीस, मी मोजल्या नव्हत्या.

"एकही नाही," मी म्हणाले. न वाचलेल्या फाईलवर सही करावी तशी मी ते म्हणाले, पण आवाज अगदी पक्का ठेवला. तिने माझ्याकडे नीट बघितलं आणि मग थालीपीठाचं ताट पुढे ओढलं.

दहाव्या दिवशी बाळ घरी आलं.

त्याच आठवड्यात मी मुलांच्या पिशव्या घरी आणणं बंद केलं. पट्ट्या वेड्यावाकड्या व्हायला लागल्या. एका आईने मेसेज केला की पहिल्यासारखं फिनिशिंग राहिलं नाही, आणि तिच्या मुलाला गिटारला घातलं. उरलेली मुलं भोकं पाडत, मोजत, उसवत, माझ्या नावाने बोटं मोडत शिकत होती. माझं लक्ष वर्गात लागेनासं झालं होतं, कारण हात कुठे ठेवायचे तेच मला कळत नव्हतं.

बाळ घरी येऊन दोन आठवडे झाल्यावर मी बघायला गेले. आत जाताना हात धुवायला लावले, ते बरंच केलं. बाळ गादीवर झोपलं होतं, डोक्यावर पिवळी टोपी. मुलगी पलंगाच्या दुसऱ्या टोकाला गणितं सोडवत बसली होती. आईची तब्येत उतरली होती, पण चेहरा हसरा होता. तिने चहा आणला, माझे हात हातात घेतले आणि म्हणाली, "काकू, तुम्ही हिला सांभाळलंत, मी कशी विसरेन." मग हळूच बाळाच्या डोक्यावरची टोपी काढून माझ्या हातात दिली.

"एवढं एक भोक बुजवून द्या ना. उद्या बारशाचे फोटो काढायचेत. तुमच्या हाताला दोन मिनिटांचं काम."

दोन मिनिटंसुद्धा नव्हती. तीन ओळी खाली अडकलेला एक टाका. क्रोशाच्या सुईने वर उचलून घेतला की झालं, आणि क्रोशाची सुई माझ्या पर्समध्ये होती. पलंगाच्या टोकाला पेन्सिल थांबली होती. मी तिकडे बघितलं नाही.

"मला नाही येत ते," मी म्हणाले.

"तुम्हाला?" आई हसायलाच लागली. "काकू, सगळ्या सोसायटीला तुम्ही शिकवता."

"नाही येत. खरंच."

आपल्याला एखादी गोष्ट येत नाही, हे मी ऑफिसात कधी म्हटलं नव्हतं, घरात नाही, सासरी तर नाहीच.

"हां आई, आजींना नाही येत," मुलगी वहीतून मान वर न करता म्हणाली. "मी विचारलं होतं." आणि पेन्सिल पुन्हा चालायला लागली.

मी टोपी बाळाच्या डोक्यावर परत बसवली. त्या भोकातून त्याचं जावळ दिसत होतं.